रातराणीचा वेग, केबीपीएसमध्ये

"मॅडम, लाइन बंद असती तरी मी एवढा घाबरलो नसतो. चालू आहे, म्हणून तर घाबरलोय."

सलीमभाई माझ्या टेबलासमोर उभे होते. बसा म्हटलं तरी बसेनात. गुरुवारची दुपार. माझा डबा अर्धा खाऊन झाला होता आणि त्यात कोलंबीचं सुकं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण ते तसंच राहिलं आणि त्याचा राग मला अजून आहे.

मी तेव्हा रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये डेटा सेक्शन सांभाळत होते. सेक्शन म्हणजे मी, दोन टेक्निशियन आणि एक पंखा. इंटरनेट गावात नवीन होतं. लोक मोडेमचा कर्कश आवाज ऐकायला शेजाऱ्यांना बोलवायचे. आमचं मुख्य काम लीज्ड लाइन देण्याचं. लीज्ड लाइन म्हणजे दोन ऑफिसांमधली स्वतःची खाजगी वाट. नंबर फिरवायला नको, एंगेज टोन नाही, चोवीस तास चालू. अशा लाइनी गावात बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यातली सगळ्यात ताजी सलीमभाईंची. आदल्याच आठवड्यात जोडून दिली होती. एक टोक त्यांच्या ऑफिसात, दुसरं मुंबईच्या एका कंपनीत.

सलीम पारकर मूळचे जयगडकडचे. उमेदीची सगळी वर्षं आखातात, एका तेल कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात काढलेली. वर्षभरापूर्वी परत आले आणि मारुती मंदिराजवळ दोन गाळे घेऊन त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. जुने कागदी नकाशे भल्यामोठ्या स्कॅनरवर स्कॅन करायचे, त्यावरचे डाग, घड्या, वाळवीची भोकं कॉम्प्युटरवर काढून टाकायची आणि स्वच्छ नकाशा मुंबईला पाठवायचा. आठ मुलं-मुली कामाला, सगळी इथलीच. पहिलंच मोठं काम हातात होतं, दोनशे नकाशांचं. शुक्रवारी सकाळी अकराला मुंबईच्या कंपनीत परदेशी पाहुणे ते बघणार होते. पसंत पडलं तर पुढचं काम कायमचं सलीमभाईंकडे. नाही पोचलं तर तिथेच खेळ खलास.

आणि खेळ खलास झाला तर काय, हेही त्यांनी लाइन घेतानाच मला सांगितलं होतं. आखातातल्या साहेबांनी त्यांची खुर्ची महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवली होती. "नाही जमलं तर ये म्हणालेत. भला माणूस आहे. पण मला जायचं नाही वो मॅडम," असं ते म्हणाले होते. हे वाक्य त्यांनी फॉर्मवर सही करताना, मान वर न करता म्हटलं होतं. म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

"स्क्रीनवर काय दिसतंय?" मी विचारलं.

"बेचाळीस तास."

"कशाचे?"

"पोचायला. मी हिशोब केला होता पाच तासांचा. फार तर सव्वापाच. सकाळी अकराला सुरू केलं, म्हटलं, संध्याकाळी मुंबईवाले घरी जायच्या आत पोचेल. आणि तो कॉम्प्युटरचा डबा म्हणतोय बेचाळीस तास!"

"वेग किती दाखवतोय?"

"आठ. आठसुद्धा नाही, पावणेआठ. लाइन चौसष्टची, मिळतायत आठ. बाकीचे छप्पन्न गेले कुठे?"

आठ हा आकडा ऐकला आणि मला सगळा उलगडा झाला. डॉक्टरला कधीकधी रुग्ण दारातून आत येतानाच रोग कळतो म्हणतात, तसं. पण मी तोंड उघडायच्या आत आमचे साहेब केबिनमधून बाहेर आले. कुलकर्णीसाहेब सोलापूरचे, बदलीवर आलेले. माणूस सज्जन, पण तक्रार हा शब्द ऐकला की त्यांना घाम फुटायचा. कोकणातल्या दमट हवेत आधीच त्यांना घाम कमी नव्हता.

"छप्पन्न गेले म्हणजे? ओ मॅडम, आत्ताच्या आत्ता लाइन चेक करा. लूप लावा. वरपर्यंत गेलं ना प्रकरण, तर मला उत्तर द्यावं लागंल."

"साहेब, लाइन बरोबर आहे."

"न बघता?"

"आठ म्हणजे बरोबरच आहे."

"मॅडम, चौसष्टच्या जागी आठ हे बरोबर? मला गणित शिकवू नका. लूप लावा."

लावलं लूप. लूप टेस्ट म्हणजे लाइनच्या दुसऱ्या टोकाला तिची दोन तोंडं एकमेकांना जोडायची. मग इकडून जे बोलू ते तिकडून वळून आपल्यालाच ऐकू येतं. आपण बोललो तेच आणि तेवढंच परत आलं, तर लाइन निरोगी. आमचा टेक्निशियन मोरे मुंबईच्या एक्स्चेंजशी फोनवर बोलून ते सगळं करून मोकळा झाला. एक चूक नाही. चौसष्टच्या चौसष्ट, स्वच्छ. यात तासभर गेला. सलीमभाई तेवढा वेळ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते आणि मी डब्याकडे.

मग मी त्यांच्याबरोबर त्यांच्या ऑफिसात गेले. हे समजावणं माझ्या टेबलापाशी होण्यासारखं नव्हतं.

ऑफिस टापटीप. पोरं एकाच कॉम्प्युटरभोवती जमलेली. मुख्य ऑपरेटर दर्शना स्क्रीनसमोर हात जोडल्यासारखी बसली होती. पडद्यावरची निळी पट्टी गोगलगाय बरी अशा गतीने सरकत होती. भिंतीवर सलीमभाईंनी सुंदर अक्षरात एक पाटी लावली होती: 'आधी युनिट, मग आकडा.' ड्रॉइंग ऑफिसातली ही पहिली शिस्त. नुसतं 'बारा' लिहिलेलं ड्रॉइंग त्यांच्याकडे परत फेकलं जायचं. बारा काय? मिलिमीटर, इंच की फूट? दर्शना सांगायची, सर एरवी मऊ, पण युनिट विसरलं की सरांचा आवाज थेट भाट्याच्या पुलापर्यंत जातो.

मी त्या पाटीखालची खुर्ची घेतली.

"सलीमभाई, चौसष्ट काय?"

"म्हणजे?"

"चौसष्ट काय? युनिट सांगा."

"चौसष्ट... केबी."

"केबी म्हणजे?"

"किलोबाइट. नाही काय?"

"किलोबिट."

दर्शनाने स्क्रीनवरून नजर काढून वर पाटीकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली.

आता हे नीट सांगते, कारण हा घोळ तेव्हा जेवढा होता तेवढाच आजही आहे. कॉम्प्युटरच्या जगात सगळ्यात लहान वस्तू म्हणजे बिट. एक शून्य, नाहीतर एक एकचा आकडा. असे आठ बिट एकत्र बांधले की झाला एक बाइट, इंग्रजी एक अक्षर मावेल एवढी जागा. आता गंमत अशी की लाइनवाले, म्हणजे आम्ही, वेग मोजतो बिटमध्ये. कारण तारेतून एकामागून एक बिटच धावतात, तारेला अक्षरबिक्षर काही कळत नाही. आणि कॉम्प्युटरवाले फाइल मोजतात बाइटमध्ये. दोघंही आपापल्या जागी बरोबर. मधल्या मध्ये गिऱ्हाईक आठपट फसतं.

सलीमभाईंना मी बागेच्या भाषेत सांगितलं. "बागवाला झाडावरून उतरवताना फळं मोजतो. दलाल डझनात मोजतो. आम्ही बागवाले. सेकंदाला चौसष्ट हजार फळं उतरवून देतो. तुमचा कॉम्प्युटर दलाल. त्याचा डझन बाराचा नाही, आठाचा. चौसष्ट भागिले आठ, आठ. फळ एकही गेलेलं नाही."

"मग पावणेआठ का?"

"पत्ता, पावती, टपालखर्च. प्रत्येक पुडक्यावर कुठून आलं, कुठे जायचं ते लिहिलेलं असतं, त्यात थोडं जातं. शिवाय आमचा किलो हजाराचा आणि कॉम्प्युटरचा किलो एक हजार चोवीसचा. आमच्या घरी शेकड्यावर चार फळं वरची देत, तसं समजा."

त्यांना सगळं समजलं. माणूस हुशार होता, अडकला होता फक्त एका गृहीतकात. त्यांनी स्वतःच कॅल्क्युलेटर ओढला. दोनशे नकाशे, प्रत्येकी सहा मेगाबाइट, म्हणजे बाराशे मेगाबाइट. आठाने गुणलं, शहाण्णवशे मेगाबिट. म्हणजे शहाण्णव लाख किलोबिट. भागिले चौसष्ट. दीड लाख सेकंद. तासात बदलले, जवळजवळ बेचाळीस.

त्यांनी त्या आकड्याकडे बघितलं. मग वर पाटीकडे. मग म्हणाले, "सतरा वर्षं पोरांना हेच शिकवत आलो."

मला फार वाईट वाटलं. चूक दाखवून देताना जी एक छोटीशी खुशी होते ती मला झाली होती, खोटं कशाला बोलू. ती कुठल्या कुठे गेली.

मार्ग काय काय आहेत ते आम्ही बघितलं. मोठी लाइन? दोन्ही टोकांना नवीन मशीन लागणार, आठवडे जाणार. फाइली दाबून लहान करायच्या? त्या आधीच दाबलेल्या होत्या, आणखी दाबल्या तर बारीक रेषा पुसट होणार, आणि नकाशात बारीक रेषाच तर महत्त्वाची. सकाळपासून गेलेलं किती? दोनशेपैकी पंधरासुद्धा नाही.

"मी वर जाऊन चहाचं सांगतो," सलीमभाई म्हणाले आणि उठले. मला कळलं, त्यांना चहाचं सांगायचं नव्हतं, पोरांसमोरून उठायचं होतं.

घर गाळ्यांच्या वरच होतं. मीही गेले. नसीमभाभींनी चहा आणि खारी ठेवली. त्यांना काही विचारावं लागलं नाही, नवऱ्याचा चेहराच बोलत होता. कपाटावर एक मोठी निळी सूटकेस होती, विमानाच्या चिठ्ठ्या अजून मुठीला लटकत होत्या. दुसरीतली आयेशा, त्यांची एकुलती एक, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही अब्बांची लाइन दुरुस्त करायला आलात?"

"हो."

"नाही झाली तर बॅग खाली काढायची काय?"

तिने हे रडत विचारलं नाही. तिच्या लेखी ही माहितीची गोष्ट होती. अब्बा सुट्टीवर येतात, काही दिवसांनी बॅग खाली निघते, अब्बा जातात. जन्मापासून तिने एवढंच बघितलं होतं. मला ती पोर फार आवडली आणि तिचा प्रश्न मुळीच आवडला नाही. सलीमभाई खिडकीतून बाहेर बघत होते.

भाभींनी विषय बदलायचा म्हणून विचारलं, "मॅडम, तुमच्याकडून मुंबईस कोन जानारं आहे काय? बहिणीस थोडे सोडे पाठवायचेत."

हा प्रश्न कोकणात दिवसातून चारदा ऐकू येतो. 'कोण जाणारं आहे काय?' मुंबईला माणूस निघाला की त्याच्या सामानात निम्मं सामान दुसऱ्यांचं. कुळथाचं पीठ, आमसुलं, सुकवलेल्या कोलंबीचे सोडे, औषधाची बाटली, कुणाच्या लग्नाचा शालू. नेणाऱ्याला ओझं वाटत नाही, देणाऱ्याला उपकार वाटत नाहीत. तिकडे बसथांब्यावर कुणीतरी घ्यायला उभं असतं. माझं अख्खं कॉलेज या रस्त्याने आलेल्या लाडवांवर झालं.

"आमच्या शेजारच्या शिवलकरकाकी चालल्यात," मी म्हटलं. "आजच. लेकीच्या बाळंतपणाला. रातराणीने."

म्हटलं, आणि कपाला लागलेला हात तसाच राहिला.

"सलीमभाई, तुमच्याकडे सीडी रायटर आहे ना?"

"आहे."

"बाराशे मेगाबाइट म्हणजे दोन सीडी. रातराणी साडेसातला सुटते, सहाला चेंबूरला. साडेदहा तास. कॅल्क्युलेटर द्या."

शहाण्णव लाख किलोबिट भागिले साडेदहा तासांचे सेकंद. दोनशे चोपन्न. मी तो आकडा त्यांच्यापुढे धरला. "दोनशे चोपन्न केबीपीएस, म्हणजे सेकंदाला एवढे किलोबिट. आमच्या लाइनीच्या चौपट. एसटी महाराष्ट्रभर धावते, पण तिचा वेग या युनिटमध्ये काढणारी मी पहिलीच असेन."

सलीमभाई हसले. त्या दिवशी पहिल्यांदा. पण लगेच गंभीर झाले. "पण मुंबईवाल्यांना ऑनलाइन हवंय. कागद एसटीने येतात, माल तरी तारेने गेला पाहिजे, असं माझंच म्हणणं होतं. गावातल्या ऑफिसवर त्यांचा विश्वास बसावा म्हणून तर लाइन घेतली."

"त्यांना ऑनलाइन नकोय, सकाळी अकराला हवंय. विचारा फोन करून."

त्यांनी केला. मुंबईचे शहा म्हणून मॅनेजर होते. ते म्हणाले, "पारकर, घोड्यावरून पाठवा, पण पाठवा."

"मग मीच घेऊन जातो," सलीमभाई म्हणाले. पण दिवाळीनंतरची परतीची गर्दी, रातराणी फुल्ल. आणि माझं म्हणणं वेगळंच होतं. सीडीवरचं एखादं शीट तिकडे उघडलं नाही, तर इकडे कोण असणार? लाइन चालू होती आणि ती सांभाळायला माणूस इथेच हवा होता.

खाली त्यांच्या ऑफिसातून मी आमच्या साहेबांना फोन केला. कळवणं भाग होतं.

"मॅडम, आपण टेलिफोन खात्यात आहोत."

"हो साहेब."

"आणि तुम्ही कस्टमरला सांगताय, एसटीनं पाठवा."

"वेग जास्त आहे साहेब."

"कुणाचा?"

"रातराणीचा. दोनशे चोपन्न केबीपीएस. दोनऐवजी चार सीडी दिल्या तर पाचशेवर जाईल, आणि ड्रायव्हरला गाडी जोरात हाणावी लागणार नाही."

मग त्यांनी विचारलं, "पण एवढं महत्त्वाचं काम, नेणार कोण? ऑफिशियल कोण आहे?"

"शिवलकरकाकी."

"त्या कुठल्या डिपार्टमेंटच्या?"

"बाळंतपणाच्या."

साहेबांनी फोन ठेवला. सोलापूरच्या माणसाला हे एका दिवसात पटणं कठीण होतं, त्यांचा दोष नाही.

दर्शनाने सीडी लिहायला घेतल्या. तेव्हाचा रायटर हे एक नखरेल प्रकरण होतं. लिहिताना कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, टेबलाला धक्का नको, पंखासुद्धा आम्ही बंद केला. एक सीडी मध्येच बिघडून फुकट गेली. दुसरी नीट उतरली, मग तिसरी. पाच-दहा शीट उघडून बघितली, ठीक होती. सगळी बघायला वेळ नव्हता.

काकी निघायच्या गडबडीत. पितळी डबा डिंकाच्या लाडवांचा, दोन पिशव्या, एक वळकटी. मी सीडीचं पाकीट हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं.

"येवढांच? अगो, मला वाटलां फणसबिणस देतेस की काय. ह्याला वजनच नाय."

"काकी, फार महत्त्वाचं आहे. वाकवायचं नाही, ओलं करायचं नाही."

"मग लुगड्यांच्या मधी घालते. लुगडी काय वाकत नाहीत. कोण घेणार हा?"

"चेंबूरला एक शहा म्हणून उभे असतील. हातात पिवळी पिशवी."

"गुजराती? बरा. येळेवर येतील." त्यांनी पाकीट दोन नऊवारींच्या मध्ये सरकवलं, वर लाडवांचा डबा ठेवला. नसीमभाभींच्या सोड्यांची पुडी मात्र त्यांनी लांब, दुसऱ्या पिशवीत ठेवली. "बाळंतिणीच्या घरात वास नको," म्हणाल्या. सलीमभाई स्टँडवर गाडी हलेपर्यंत उभे होते. काकींनी खिडकीतून हात केला, तो मला होता की त्यांना, कळलं नाही.

सकाळी मी ऑफिसला जायच्या आधी मारुती मंदिरापाशी गेले. सहा वाजून गेले होते, सात वाजून गेले होते, आणि शहांचा फोन आला होता तो एवढाच की गाडी आलेली नाही. कशेडी घाटात ट्रक आडवा झाला होता, हे आम्हाला स्टँडवरून कळलं. काकींकडे मोबाइल नव्हता, तेव्हा कुणाकडेच नसायचा. सलीमभाई दहा वेळा जिना चढून वर गेले आणि खाली आले. मी लाइनीवर भरवसा ठेवणारी बाई, पण त्या दोन तासांत मी गणपतीपुळ्याच्या दिशेने बरंच काही कबूल करून ठेवलं.

नऊच्या सुमारास शहांचा फोन. "पाकीट मिळालं. बरोबर दोन लाडूपण मिळाले."

एवढ्या उशिरामुळे रातराणीचा वेग दोनशेच्या खाली आला होता. तरी आमच्या तिप्पट म्हणायला हरकत नव्हती.

दहा वाजता पुन्हा फोन. या वेळी शहांचा आवाज वेगळा होता. "पारकर, तीन शीट उघडत नाहीत. बाकी सगळी फर्स्ट क्लास. पण ही तीन मधलीच आहेत, वगळता येत नाहीत. अकराला पाहुणे येतायत."

तीन शीट का बिघडली ते शेवटपर्यंत कळलं नाही. मला लाडवांच्या तुपाचा संशय आहे, पण काकींना मी तो कधी बोलून दाखवला नाही.

माझी नजर घड्याळावर गेली. सलीमभाईंनी मात्र घड्याळ बघितलं नाही, कॅल्क्युलेटरही घेतला नाही. त्यांनी एका हातात फोन धरून मोठ्याने, शाळेतल्यासारखं म्हटलं, "तीन सक अठरा मेगाबाइट. गुणिले आठ, एकशे चव्वेचाळीस मेगाबिट. भागिले चौसष्ट किलोबिट." मग फोनमध्ये म्हणाले, "शहासाहेब, अडतीस मिनिटं. वर टपालखर्च दोन मिनिटं. चाळीस मिनिटांत तुमच्याकडे असतील. लाइनीने."

दर्शनाने तोवर तीन फाइली चढवल्या होत्या. निळी पट्टी सरकायला लागली. तीच लाइन, तोच पावणेआठचा आकडा, कोपऱ्यात. कालपासून ज्याचा राग येत होता तो आकडा आज कसा इमानदार वाटत होता. अडतीस मिनिटं झाली, पट्टी संपली नाही. एकोणचाळीस. मग दर्शना "गेलं!" म्हणून ओरडली आणि तिकडून शहा म्हणाले, "आलं."

अख्खी बाग पाठवायची तर एसटी बरी, पण पहिलं फळ पोचायलाही रात्र जाते. एक फणस पाठवायचा तर लाइन. दोघींची भांडणं लावून काही उपयोग नाही.

दुपारी मी ऑफिसात होते. डबा उघडलाच होता, तेवढ्यात सलीमभाईंचा फोन. काम पसंत पडलं होतं. पुढचे नकाशे सोमवारी निघणार होते. मी त्या दिवशी डबा शेवटपर्यंत खाल्ला.

कुलकर्णीसाहेबांनी फाइलवर शेरा लिहिला, 'लाइन तपासली, दोष आढळला नाही, ग्राहक समाधानी.' रातराणीचा उल्लेख नव्हता. पण आंब्याच्या दिवसांत एकदा ते माझ्या टेबलापाशी आले, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, सोलापूरकडं कोण जाणारं आहे का हो?"

मी निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. लग्नाकार्यात अजून कुणीतरी कोपऱ्यात गाठतं. "तुमच्या लाइनीतल्या आहात म्हणून विचारतो. कंपनी शंभर म्हणते, मला बाराच मिळतात." मी विचारते, शंभर काय? मग त्याला आठाने भागायला लावते आणि जेवायला जाते. वेगाचा आकडा सांगणाऱ्याला आधी युनिट विचारावं, आणि युनिट कळल्यावरही एकच प्रश्न विचारावा, माझं सामान कधी पोचेल. बाकी सगळं दुकानदाराच्या सोयीचं असतं.

सलीमभाईंकडे मी नंतर पुष्कळदा गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा महिना उलटून गेला होता. आखातातली खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली होती. चहा आला, खारी आली. माझी नजर आपोआप कपाटावर गेली. निळी सूटकेस तिथे नव्हती.

हातातली खारी मी पुन्हा बशीत ठेवली. आयेशाने ते पाहिलं असावं.

"बॅग मुंबईला गेलीय," ती म्हणाली. "जुने नकाशे परत द्यायचे असतात ना, ते त्याच्यात घालतात. मग येताना नवीन येतात. काल रातराणीने गेली."

"आणि अब्बा?"

"अब्बा खाली आहेत की," ती म्हणाली, मी काहीतरी भलतंच विचारल्यासारखं तोंड करून. "बॅग एकटीच जाते."